हामोन पुन्हा पुन्हा ढगाळ का येतो: जपानी घडणीच्या पात्याचे घरगुती पॉलिश आणि एचिंग

जपानी घडणीच्या तलवारीचे पाते घरी पॉलिश करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पात्यावर २००० नंबरपर्यंत वॉटर पेपर फिरवून झालेला असतो, एचिंगसाठी, म्हणजे द्रावणाने पृष्ठभाग किंचित खाऊन पोलादाची रचना दाखवण्यासाठी, फेरिक क्लोराइडचा हात देऊन पाते धुऊन पुसलेले असते, आणि तरीही हामोन, म्हणजे कठीण धार आणि मऊ अंग यांच्या सीमेवरची धारेलगतची लहर, स्वच्छ उमटण्याऐवजी कुठे ढगाळ, कुठे काळपट, तर कुठे मुळीच नाही अशी दिसते. मग सगळे घासून काढले जाते, द्रावण अधिक तीव्र केले जाते, पाते अधिक वेळ बुडवले जाते, आणि निकाल आधीपेक्षा वाईट येतो. या साऱ्यात दोष द्रावणाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा द्रावणाच्या आधीच्या किंवा नंतरच्या पायरीत असतो, आणि ती पायरी कोणती हे डागाच्या वागण्यावरून ओळखता येते. ही ओळख कशी करावी आणि त्यानंतर काय करावे, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक मर्यादा स्पष्ट करतो. हे सर्व आजच्या काळात बनलेल्या, १०९५, टी१० किंवा डब्ल्यू२ यांसारख्या कार्बन पोलादाच्या पात्यांसाठी आहे. जुनी, तामाहागाने पोलादाची अस्सल जपानी तलवार हाती असेल, तर तिला वॉटर पेपर आणि अ‍ॅसिड यांपैकी काहीही लावू नये, आणि तिच्या मुठीतल्या भागावरचा, म्हणजे नाकागोवरचा जुना गंजही काढू नये, कारण तलवारीचा काळ ठरवताना जाणकार त्या गंजाचा रंग आणि पोत पाहतात. जपानमध्ये पॉलिश करणारा तोगिशी हा लोहारापासून वेगळा, स्वतंत्र कारागीर आहे. सुलेखन आणि मातीची भांडी यांसाठी ख्यातनाम असलेला होनआमी कोएत्सु (१५५८–१६३७) ज्या घराण्यातला, ते होनआमी घराणे तलवारींची पारख आणि पॉलिश या कामासाठीच शतकानुशतके ओळखले गेले. त्या परंपरेत हामोन उठतो तो दगडांच्या क्रमाने: बिन्सुई, काइसेई, नागुरा आणि शेवटी क्योतोच्या परिसरातला उचिगुमोरी. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडे पोलाद कायमचे जाते, म्हणून जुन्या पात्यावर हात शिकणे हा त्या पात्यावर अन्याय आहे. भारतात तलवार बाळगण्यास शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. आपल्या जिल्ह्यात परवान्याबाबत काय नियम आहे हे काम हाती घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

हामोन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण निदान त्यावरच उभे आहे. पात्याला पाणी देण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. लालबुंद पाते पाण्यात गेले की धार क्षणात थंड होऊन अतिशय कठीण अशी मार्टेन्साइटची रचना घेते, तर लेपाखालची पाठ सावकाश थंड होऊन मऊ पर्लाइटची राहते. या दोन रचनांची सीमा म्हणजे हामोन, आणि त्या सीमेवरची धुक्यासारखी बारीक रेघ म्हणजे निओई. हामोन रंगाचा नसून रचनेचा असल्यामुळे तो पात्याच्या जाडीत आतपर्यंत असतो. एचिंगचे काम एवढेच, की द्रावण दोन्ही रचनांना वेगवेगळ्या वेगाने खाते आणि त्यामुळे आधीपासून असलेला फरक डोळ्यांना दिसू लागतो. मात्र पृष्ठभागावर रचनेखेरीज आणखी काही असेल, म्हणजे ओरखडा, तेलाचा पापुद्रा किंवा घासून लोटला गेलेला धातूचा थर, तर द्रावण तेही तितक्याच इमानाने दाखवते.

डाग त्याच जागी परत येतो का?

निदानाची सुरुवात पात्याकडे योग्य प्रकाशात पाहण्यापासून करावी. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात उत्तम हामोनही अर्धा नाहीसा होतो. खोलीत अंधार करून एकच उघडा बल्ब लावावा, पाते डोळ्यांच्या पातळीवर आणून बल्बच्या दिशेने धरावे आणि प्रतिबिंबाच्या अगदी कडेला जे दिसते ते पाहावे. पाते किंचित तिरके केल्यावर ढगाळ भाग जागा बदलत असेल, तर तो डाग नव्हेच. पृष्ठभाग सपाट न राहता लाटांसारखा वरखाली झालेला असतो आणि प्रकाश तुकड्यातुकड्यांनी परत येतो. बोटांनी कागद दाबून घासल्याचा हा परिणाम आहे. यावर द्रावणाने काही होणार नाही. कठीण लाकडाच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या सपाट ठोकळ्यावर कागद ताणून ४०० नंबरपासून पुन्हा काम करावे लागते.

डाग जागचा हलत नसेल, तर पुढची चाचणी करावी. डागाचा फोटो घ्यावा आणि पात्याशेजारी कागदाची लांब पट्टी ठेवून तिच्यावर त्याची जागा मांडून ठेवावी. मग १५०० नंबरच्या आसपासची सिलिकॉन कार्बाइड पावडर दोन थेंब तेलात कालवून, कापसाच्या बोळ्याने एचिंगचा काळा थर काढावा, पाते पूर्ण धुवावे आणि त्याच तीव्रतेच्या द्रावणात तितकाच वेळ पुन्हा एचिंग करावे. या वेळी काहीही बदलू नये, तीव्रता तर मुळीच नाही. आता पट्टीशी ताडून पाहावे. डाग दुसरीकडे गेला असेल, तर दोष धुण्यात किंवा ओले करण्याच्या पद्धतीत आहे. त्याच जागी परत आला असेल, तर तो ओरखड्यांत किंवा पोलादात आहे. जागा तीच, पण डाग आधीपेक्षा फिका झाला असेल, तर घासताना लोटला गेलेला धातूचा थर वर बसलेला आहे आणि तो हळूहळू सुटतो आहे. एवढी चाचणी न करता द्रावण तीव्र करणे म्हणजे हाती असलेला एकमेव पुरावा पुसून टाकणे होय.

त्याच जागी परत येणारा डाग

याची सर्वांत मोठी शक्यता म्हणजे खाली राहिलेले खडबडीत ओरखडे. ४०० नंबरच्या कागदाचा ओरखडा दिसतो त्याहून खोल जातो, कारण त्याच्या तळाशी धातूची रचना दाबून विस्कटलेली असते. वर ८०० आणि १००० नंबरचा कागद फिरवला की ओरखडा डोळ्यांना दिसेनासा होतो, पण विस्कटलेला धातू खालीच राहतो. द्रावण अशा धातूवर अधिक वेगाने काम करते, त्यामुळे गेलेला वाटणारा ओरखडा एचिंगनंतर काळ्या रेघेच्या रूपाने परत उमटतो. असे शेकडो बारीक ओरखडे जवळजवळ असले, की लांबून तो भाग ढगाळ दिसतो. भिंगातून पाहिल्यास ढगाच्या जागी समांतर रेघांचा समूह दिसतो, आणि त्या रेघांची दिशा कोणत्या नंबरच्या कागदाची होती हे आठवले, की कुठपर्यंत मागे जायचे तेही कळते.

म्हणूनच प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची शिस्त आहे. ४०० नंबर पात्याला आडवा चालवला असेल, तर ६०० तिरका चालवावा, ८०० विरुद्ध बाजूला तिरका, आणि आधीच्या दिशेची शेवटची रेघ गेल्यानंतर आणखी तितकाच वेळ त्याच कागदावर घालवावा. हा वाढीव वेळ बहुतेक जण देत नाहीत, आणि विस्कटलेला थर नेमका तेवढ्याचसाठी शिल्लक राहतो. रंगकामाच्या साहित्याच्या दुकानात २२० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर सहज मिळतात. त्यातला मधला एकही नंबर गाळू नये. घासण्याच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा घालावा, म्हणजे काम चालू असताना पाते तांबूस पडत नाही. जपानी तोगिशीही आपले पाणी अशा रीतीने अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, ठेवतात.

दुसरे कारण झिजलेल्या कागदाचे आहे. कागदाची धार गेली की तो धातू कापण्याऐवजी लोटतो. अशा कागदाने जोर देऊन चकाकी आणलेल्या पृष्ठभागावर धातूचा अत्यंत पातळ, चिकटून बसलेला थर तयार होतो आणि खालची रचना त्याच्याआड जाते. फिरत्या बफिंग चाकावर तर हा परिणाम फार लवकर होतो. शिवाय चाकाने शिनोगीची, म्हणजे पात्याच्या मधल्या उभ्या कण्याची, कड गोल होते आणि धार तापण्याचा धोका असतो तो वेगळाच. बफिंग केलेल्या पात्यावर हामोन धूसर येतो अशी तक्रार असेल, तर उपाय एकच: चाक बंद करावे, नव्या कागदाने ६०० नंबरपासून वर यावे, आणि कागद कापत असल्याचा आवाज बंद झाला की तो फेकून द्यावा. आरशासारखी चकाकी हे ध्येय ठेवू नये. आरशात धार आणि अंग दोन्ही सारखेच चमकतात. पारंपरिक पॉलिशमध्ये धार दुधाळ पांढरी आणि अंग निळसर गडद दिसते; धारेचा हा पांढरेपणा येतो तो उचिगुमोरीच्या पातळ चकत्यांमुळे. या चकत्यांना पाठीमागून कागद चिकटवलेला असतो आणि त्या अंगठ्याखाली धरून फिरवतात. घरगुती कामात १००० ते १५०० नंबरवर थांबलेला, पण प्रामाणिकपणे घासलेला पृष्ठभाग २००० च्या घाईच्या चकाकीपेक्षा कितीतरी चांगले एचिंग घेतो.

तिसरी शक्यता पोलादाचीच असते आणि तिथे कष्ट करून उपयोग नसतो. हामोन स्पष्ट यायला पोलाद उथळ कठीण होणारे हवे. १०९५ मध्ये मँगेनीज ०.३० ते ०.५० टक्के असते, त्यामुळे लेपाखालचा भाग मऊ राहू शकतो. ५१६० या स्प्रिंगच्या पोलादात मँगेनीज ०.७५ ते १.०० टक्का आणि वर सुमारे ०.८ टक्के क्रोमियम असते, म्हणून ते खोलवर कठीण होते आणि सीमा पुसट पडते. ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या पात्यांचीही सहसा हीच गत होते. स्वस्त पात्यांवर तर हामोन वायर ब्रशने किंवा अ‍ॅसिडने नुसता रंगवलेला असतो. ४०० नंबरचा कागद फिरवल्यावर तो नाहीसा होतो आणि सौम्य एचिंगनंतरही परतत नाही, एवढी खूण पुरेशी आहे.

जागा बदलणारा डाग

इथे पहिला संशय तेलकटपणाचा. एसीटोनने पुसले म्हणजे पाते स्वच्छ झाले, असा समज आहे. पण त्याच फडक्याने दुसऱ्यांदा पुसले, तर विरघळलेले तेल पुन्हा पात्यावर पसरते. दर वेळी नवे फडके घ्यावे, नंतर भांड्यांच्या साबणाने धुवावे आणि पाते स्वच्छ पाण्याखाली धरावे. पाण्याचा अखंड पडदा अंगभर टिकला पाहिजे. कुठेही पाणी तुटून थेंब झाले, तर तिथे तेल आहे. या क्षणापासून पात्याला उघडा हात लावू नये.

दुसरा संशय ओले करण्याच्या पद्धतीचा. पाते साधारण ७० सेंटिमीटर लांब असते. बोळ्याने टोकापर्यंत पोहोचेपर्यंत सुरुवातीच्या भागाचे एचिंग पुढे गेलेले असते आणि वरून ओघळलेल्या थेंबांच्या रेघा उठतात. तळाला झाकण चिकटवलेला पुरेशा व्यासाचा पीव्हीसी पाइप द्रावणासाठी आणि तसाच दुसरा साध्या पाण्यासाठी उभा केला, तर हा दोष जवळजवळ संपतो. पाते टोक खाली करून एका हालचालीत बुडवावे, किंचित हलवत राहावे म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, आणि बाहेर काढताच थेट पाण्याच्या पाइपात घालावे. द्रावणाच्या पातळीशी एक आडवी गडद रेघ नेहमी पडते, म्हणून नाकागोला नेलपॉलिशचे दोन हात देऊन पातळी तिथपर्यंत न्यावी. द्रावणात साबणाचा एखादा थेंब घातल्यास ते पात्यावर अधिक सारखे पसरते.

द्रावणाबद्दल सांगायचे ते थोडेच आहे. फेरिक क्लोराइड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डासाठी मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत ते सहज सापडते. तयार द्रावण १ भाग आणि पाणी १५ ते २० भाग हे प्रमाण हामोनसाठी पुरेसे आहे आणि एका वेळी १० ते २० सेकंदच बुडवावे. एकाच लांब बुडीपेक्षा लहान बुडी, पावडरने थर काढणे आणि पुन्हा लहान बुडी, असा क्रम तीन-चार वेळा केल्यास निओईची बारीक रेघ टिकते. तीव्र द्रावणात ती खाल्ली जाते आणि राखाडी पट्टा तेवढा उरतो. पांढरे व्हिनेगर गरम करून किंवा लिंबाचा रस वापरूनही सौम्य एचिंग होते. त्याला वेळ लागतो, पण बारकावे सुंदर येतात, आणि माझा कल शेवटच्या फेरीसाठी नेहमी त्याकडेच असतो. खडे किंवा पावडर घेतली असेल, तर ती पाण्यात थोडीथोडी घालावी. खड्यांवर पाणी ओतू नये, कारण द्रावण तापते आणि घशाला लागणारी वाफ निघते. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवी. स्टीलचे भांडे वापरू नये, द्रावण तेही खाते. पाते सदैव फळीवर पूर्ण टेकलेले असावे, धार फळीबाहेर येता कामा नये आणि कागदाचा जोर धारेकडून पाठीकडे असावा.

काही दिवसांनी उगवणारे तांबूस ठिपके

हा वेगळा आजार आहे, आणि मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांना तो अधिक छळतो. एचिंग उत्तम होते, हामोन मनासारखा येतो, पाते तेल लावून म्यानात जाते आणि आठवड्याने पाहावे तर अंगभर तांबूस ठिपके. ते घासून काढले तरी त्याच जागी पुन्हा येतात. कारण बारीक ओरखड्यांत आणि खळग्यांत उरलेले क्लोराइड. लोहाचे क्लोराइड हवेतला ओलावा शोषून घेते, त्या ओलाव्यात सूक्ष्म प्रमाणात आम्ल तयार होते, ते आम्ल आणखी लोह खाते, आणि हे चक्र तेलाच्या थराखालीही चालू राहते. मुंबईत जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे तिथे या चक्राला काहीच अडथळा उरत नाही. बोअरच्या पाण्याने धुतले असेल तर त्यातले क्षारही भर घालतात.

उपाय पाते वाळवण्याआधी करायचा असतो. एचिंगच्या शेवटच्या बुडीनंतर पाते भरपूर पाण्याने धुवावे. मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा सढळ हाताने विरघळवून, त्यात पाते पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ टूथब्रशने दोन्ही अंगे, विशेषतः शिनोगीची कड आणि टोकाजवळची योकोतेची रेघ, घासावीत. शेवटचे धुणे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करावे. लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून हेअर ड्रायरच्या कोमट हवेने वाळवावे. तेलासाठी औषधाच्या दुकानातले पातळ लिक्विड पॅराफिन किंवा शिलाई मशीनचे तेल चालते. जपानी चोजी तेलाचे नाव ऐकून दातदुखीसाठी मिळणारे शुद्ध लवंगतेल लावू नये. चोजीमध्ये बहुतांश खनिज तेलच असते, लवंगेचा अंश थोडा असतो. खाण्याचे कोणतेही तेल कालांतराने चिकट होते आणि धूळ धरते.

पहिला आठवडा पाते म्यानाबाहेर ठेवावे, कारण म्यानाचे लाकूड ओलावा धरते. रोज तेल पुसून बल्बखाली तपासावे आणि नवे तेल लावावे. ठिपका दिसलाच, तर पुन्हा एचिंग करू नये. तेवढी जागा पावडरने साफ करावी आणि संपूर्ण पात्याला सोड्याची अंघोळ पुन्हा द्यावी. पहिल्या आठवड्यात काही उगवले नाही, तर नंतर महिन्यातून एकदा तेल बदलणे पुरते. पावसाळ्यात मात्र ते पंधरवड्याने करावे.

वापरलेले द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून, नावाची चिठ्ठी चिकटवून, मुलांच्या हाताबाहेर ठेवल्यास बरेच महिने चालते. तपकिरी रंग हिरवट होऊ लागला आणि नेहमीच्या वेळात परिणाम दिसेना, की ते संपले असे समजावे. टाकण्यापूर्वी त्यात फेस येणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा थोडाथोडा घालावा. तळाशी बसलेला तपकिरी गाळ गाळून, वाळवून, बंद पिशवीत घालून घातक कचऱ्यासोबत द्यावा. वरचे पाणी भरपूर साध्या पाण्यासोबतच ओतावे, आणि इमारतीतली सांडपाण्याची नळी लोखंडी असेल तर तेही तिच्यात जाऊ देऊ नये.